झाकून ठेवलेलं पाणी

पाण्यातून बाहेर येणाऱ्या माणसाला आमचे साहेब लगेच बाहेर येऊ देत नसत. सगळ्यात वरच्या पायरीवर थांबायचं, अंगावरचं पाणी निथळून परत टाकीत पडू द्यायचं, आणि त्यांनी मान हलवली की मगच फरशीवर पाय ठेवायचा. हा नियम सगळ्यांना सारखा. साहेबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, पाण्यातले व्यायाम दाखवायला पेणहून एक डॉक्टर यायचे. चांगले पोट सुटलेले, दवाखान्यात तास तास नंबर लागत नाही असे. तेही त्या पायरीवर अर्ध्या चड्डीत हात लांब धरून उभे राहिलेले मी पाहिलेत.

"अजून गळतंय," साहेब म्हणायचे. डॉक्टर निमूट उभे.

एका माणसाबरोबर तांब्याभर तरी पाणी बाहेर जातं, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "साहेब, तांब्याभर पाण्यानं काय होतंय?" त्यावर ते भांडले नाहीत. आत गेले, तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ओत बघू हा इथे मातीत. माझ्या डोळ्यांसमोर." मला काही तो ओतवेना. मी पिऊन टाकला.

पोहण्याच्या तलावांची देखभाल हा माझा धंदा. पेणपासून कोलाडपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना जे बंगले झालेत त्यांतले चौदा माझ्याकडे आहेत. मालक शनिवार-रविवारी येतात. बाकीचे पाच दिवस पाणी एकटं पडून असतं आणि त्याच्यासाठी पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरघरत असतो. एवढा वेळ लागत नाही, हे पहिली काही वर्षं मी सांगत असे. मग सांगणं सोडलं. खांबजवळच्या एका बंगल्यात पार्टी झाली की सोमवारी फोन येतो, "पाणी गढूळ दिसतंय, सगळं बदलून टाका." दोन दिवस औषध टाकून गाळलं तर तेच पाणी काचेसारखं होतं. पण त्यांना थांबायचं नसतं आणि मला वाद घालायचा नसतो. मी नळी लावतो, पाणी ओढ्यात सोडतो आणि ते जाईपर्यंत गाडीला टेकून उभा राहतो. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, धूळ खाऊन घसा बसलेला, पाठ धरलेली. अशा वेळी हमखास साहेबांची आठवण येते. आणि ती फार बरी वाटते असंही नाही.

ओळख रोह्याची. तिथल्या एका केमिकल कंपनीत ते कूलिंग टॉवरचे सुपरवायझर होते आणि मी त्यांच्या हाताखाली कंत्राटी ऑपरेटर. प्लांटमधून तापून आलेलं पाणी थंड करायचं आणि परत फिरवायचं, एवढंच आमचं खातं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, नळाचे रबरी वायसर असत. कॅंटीन, संडास, गेटावरची मोरी, कुठेही नळ गळताना दिसला की ते पान्हा मागवून तिथल्या तिथे खोलत. एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या बेसिनचा नळ त्यांनी मीटिंग चालू असताना बदलला होता.

दुसऱ्या शिफ्टला एकदा मी वॉल्व चालू ठेवून बसलो आणि माझा डोळा लागला. टाकी भरून वाहायला लागली. ते आले, वॉल्व बंद केला, मला उठवलं. आता शिव्या पडणार म्हणून मी खाली मान घालून उभा.

"चल," म्हणाले.

त्या वाहिलेल्या पाण्याच्या कडेकडेने ते मला चालवत घेऊन गेले. गटारातून, शेडच्या मागून, भंगाराच्या ढिगाला वळसा घालून, थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. तिथे भोकातून पाणी बाहेर पडत होतं. "कुठपर्यंत गेलं ते बघून ठेव," म्हणाले आणि परत फिरले. रिपोर्ट केला नाही. पुढे माझं कंत्राट संपलं, ते निवृत्त झाले, आणि संबंध तुटला.

सात-आठ वर्षांनी त्यांचा फोन आला. "तू टाक्या बघतोस ना? मला एक बांधायची आहे."

पेणहून गडबकडे येताना उजव्या हाताला खाडीच्या बाजूने एक रस्ता आत जातो. तिथे चारेक किलोमीटरवर त्यांचं गाव. भाताची शेती, पलीकडे मिठागरं, त्यापलीकडे खाडी. जिकडे बघावं तिकडे पाणी आणि सगळं खारं. पिण्याचं पाणी लांबून पाइपाने येतं. उन्हाळ्यात दोन दिवसांआड तासभर. अशा गावात पोहायचा तलाव! मला वाटलं निवृत्तीनंतर माणूस बिघडला.

मग मी काकूंना पाहिलं. झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली होती. बोलणं सुधारलं होतं, पाय नाही. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात उभं करा, पाण्यात अंगाचं वजन कळत नाही, पाय विसरलेला असतो तो आठवतो. दोनदा त्यांना कोलाडच्या एका रिसॉर्टवर नेलं. तिथे मुंबईची पोरं उड्या मारत होती आणि मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढत होती. दुसऱ्या खेपेनंतर काकू म्हणाल्या, मी परत यायची नाही. म्हणून घरामागे सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, छातीएवढी खोल टाकी. स्विमिंग पूल हा शब्द साहेबांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. टाकीच.

त्यांची पहिली अट: गावाच्या नळाचा थेंब घ्यायचा नाही. पावसाळ्यात घराच्या पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून फडक्याने गाळून टाकीत घ्यायचं आणि तेवढ्यावर वर्ष काढायचं. मी दीड हॉर्सपॉवरचा पंप सांगितला होता. त्यांनी अर्ध्याचा घेतला आणि माझ्या पाइपांच्या नकाशावर लाल पेनाने काट मारली. पाइप मोठ्या व्यासाचे, अंतर कमी, वळणं फक्त दोन.

"पाण्याला सारखं वळायला लावलंस की मोटर दमते," म्हणाले.

माणूस दमतो त्याचं काही नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

तो अर्ध्याचा पंप रोज दीड तास चाले, जास्त नाही. काकूंचा व्यायाम आटोपला, ऊन चढलं की सुरू. थंडीत काकूंचा पाय आखडे, म्हणून पत्र्यावर काळ्या पाइपाची वेटोळी टाकली होती; त्याच दीड तासात पाणी तिथून फिरून कोमट होऊन खाली येई. हीटरचं मी नाव काढलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दारूचं नाव काढलंय. पाला-पाचोळा हाताच्या जाळीने काढायचा. फिल्टर उलटं पाणी सोडून धुवायचा तो माझ्या वेळापत्रकाने नव्हे, दाबाचा काटा चढेल तेव्हाच. आणि ते मळकं पाणी पिंपात दोन दिवस निवळून केळीला आणि लाल माठाला.

उरला वेळ टाकी झाकलेली. फुगवट्यांचं निळं प्लास्टिक असतं, ते. एखादा कोपरा जरी उघडा राहिला तरी त्यांना जेवण जात नसे. "वारा पिऊन टाकतो," म्हणायचे. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला त्यांनी कारवीच्या काठ्यांचा कूड बांधला होता, पुरुषभर उंच. महिन्यातून एकदा पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवत; बादलीतली रेघ आणि टाकीतली रेघ सारखीच उतरली तर तो वाऱ्याने नेलेला हिस्सा, टाकीची जास्त उतरली तर कुठेतरी गळती. एका फाल्गुनात रेघांमध्ये नखाएवढा फरक आला. त्यांनी मला पेणहून बोलावून दोन दिवस गळती शोधायला लावली. सापडली. सुईच्या टोकाएवढी.

काकूंना पाण्यात धरायला हिराबाय यायची. गावातलीच, मिठागरावर आयुष्य काढलेली, खाडीत पोहणारी, साठीची बाई. नऊवारीचा काचा मारून ती काकूंना कमरेला धरून उभी राही.

"टाक गो वयनी पाय. घाबरतंस कनाला? मी हाय ना."

साहेब काठावर पाण्याच्या आकड्यांची वही घेऊन. काकू एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, तुमचं लक्ष माझ्या पायाकडे आहे की त्या रेघेकडे?"

"दोन्हीकडे," हे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दीड वर्षाने काकू जमिनीवर चालल्या. टाकीच्या कठड्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, काठी न घेता, सात पावलं. मी तिथे होतो. हिराबाय दोन्ही हात पसरून मागे मागे सरकत होती. काकूंनी दाराची चौकट धरली आणि रडायला लागल्या. हे आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. वहीत त्या दिवशी पाण्याच्या आकड्याखाली फक्त ‘सात’ लिहिलेलं मी नंतर पाहिलं.

गावात कुजबुज आधीपासून होती. ती त्या उन्हाळ्यात ग्रामसभेत आली. लोकांना प्यायला नाही आणि हे डुंबतात, असा विषय. हे वही घेऊन गेले, मलाही साक्षीला नेलं. वर्षभराचे आकडे त्यांनी वाचून दाखवले. पाऊस किती घेतला, वाऱ्याने किती नेलं, नळाचं शून्य. पंधरा मिनिटं वाचत होते. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"साहेब, तुमचा हिशोब बरोबर असंल. तुमी खोटा बोलनारं नाय. पन आमच्या बाया हंडं घेऊन तुमच्या दारावरनं जातान. त्यांना पानी दिसतंय, हिशोब नाय दिसत."

हिराबाय उठून म्हणाली, "ती बाय चालायला लागली हाय. मी बघलंय. पाय काय फुकट येतान?" पण तेवढ्यात दुसरा विषय निघाला. ठराव वगैरे काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याच्या बाजूलाही कूड बांधला. तिसऱ्या दिवशी स्वतःच सोडवला. "लपवल्यासारखं वाटतं," म्हणाले. त्यानंतर ते सकाळी बायका जायच्या वेळेला अंगणात येईनासे झाले.

मे महिन्यात हायवेच्या खोदकामात गावाची पाइपलाइन फुटली. उद्या होईल, परवा होईल करत आठवडा गेला. टँकर एक दिवस आला, दोन दिवस आला नाही. आला तो प्यायलाच पुरला नाही. धुणी, भांडी, अंघोळी, गुरं, सगळं अडलं. काकू त्या वेळी चार दिवसांसाठी मुलीकडे ठाण्याला गेल्या होत्या, नातीच्या बारशाला, हिराबायही सोबत. मला फोन आला.

"टाकीतलं क्लोरिन उतरवायचंय. ये."

मी गेलो. कव्हर गुंडाळून बाजूला ठेवलेलं. त्या टाकीचं पाणी भर उन्हात उघडं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. साहेब मला कपाळावर हात धरलेल्या माणसासारखे वाटले, पण हात खालीच होते.

"एक दिवस ऊन खाऊ दे. मग तपासून दे. पिण्याला नाही म्हणून सांगू. बाकीला चालेल."

मी विचारलं, "काकूंना विचारलंत?"

"ती नाही म्हणणार नाही."

"पण पाऊस यायला महिना आहे, साहेब. महिनाभर पाय..."

"ती नाही म्हणणार नाही," ते परत म्हणाले.

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. ठाण्याला फोन लावणं अवघड नव्हतं. नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. पण त्या दिवशी माझे अजून तीन बंगले राहिले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि मी गेली कित्येक वर्षं मालक सांगतील ते करत आलो होतो. मी पाणी तपासलं आणि ठीक आहे म्हटलं.

दोन दिवसांत टाकी रिकामी झाली. बायका, पोरं, सायकलीला कॅन लावलेले बाप्ये. कुणी आभारही मानले नाहीत आणि टोमणाही मारला नाही. ग्रामसभेतले ते म्हातारे गृहस्थ स्वतः दोन बादल्या घेऊन आले होते म्हशींसाठी. हे पायरीवर बसून प्रत्येकाची कळशी बुडवून देत होते. पाणी सांडत होतं, फरशीवर ओघळ चालले होते, आणि ते बघत नव्हते. वही घरातच राहिली होती.

काकू आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबायने त्यांना नेहमीप्रमाणे हाताला धरून मागच्या अंगणात आणलं. पुढचं मला हिराबायने सांगितलं. काकू रिकाम्या टाकीकडे बघत राहिल्या. तळाशी ओंजळभर पाण्यात एक बगळा उभा होता. यांनी सगळं सांगितलं: पाइपलाइन, टँकर, गुरं. काकूंनी ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "मी हो म्हटलं असतं."

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले.

"पण पाय माझे होते ना? विचारायचं तरी."

 काकू त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या त्या फक्त कामापुरत्या. चहा घ्या. दार लावा. औषध संपलंय. महिनाभर पाय पाण्याविना राहणारच होता, त्यात त्या वर्षी पाऊसही लांबला. टाकी भरायला आषाढ संपत आला. तोवर काकू सात पावलांवरून खुर्चीवर परत आल्या होत्या. हिराबाय जमिनीवर उभी करायला बघायची, तर डावा पाय नुसता लोंबायचा.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. दिवाळीपर्यंत काकू चार पावलं चालल्या. सातवर परत कधी आल्या नाहीत. दोन वर्षांनी मुलगी दोघांनाही घेऊन गेली. ठाण्याच्या सोसायटीत तलाव आहे, पण तिथे हे काठावर बसू शकत नाहीत, बायकांची वेळ वेगळी असते. टाकी मीच कोरडी करून बंद केली. पाइपलाइन दुरुस्त झाली, गावाला पाणी पूर्वीसारखंच दोन दिवसांआड येतं. टाकीतल्या पाण्याने गाव बदललं नाही आणि कुणी त्यांच्या नावाची पाटीही लावली नाही. हिराबाय मात्र अजून म्हणते, "त्या दोन दिसांत माज्या भावाची सून बालंतीन व्हती. न्हायला पानी झालं." एवढंच.

पण मला त्या माणसाची जी आठवण आहे ती श्रावणातल्या एका सकाळची. टाकी काठोकाठ भरली होती, झाकलेली होती, आणि काकू त्यात उतरत नव्हत्या. हे रोज सकाळी त्यांची खुर्ची काठाशी आणून कव्हर गुंडाळू लागायचे. काकू म्हणायच्या, "नको." हे परत पसरायचे. असं एकोणीस दिवस, हिराबायने मोजले होते. विसाव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"पंप काढून ने," म्हणाले. "तुझ्या कुठल्या बंगल्याला बसव. इथे फुकट गंजेल. पाणी मी हळूहळू केळीला देईन."

त्यांच्या तोंडचे ते शब्द मला बरे वाटले नाहीत, पण मी कंटाळलो होतो. पाऊस उघडला होता तेवढ्यात काम उरकावं म्हणून मी पान्हा काढला आणि पंपाचा नट ढिला करायला घेतला. ते माझ्याशेजारी उकिडवे बसून नटाकडे बघत होते. काकू पडवीत खुर्चीवर होत्या, हिराबाय त्यांच्या केसांना तेल लावत होती.

"कुणाला विचारून काढताय तो पंप?"

काकूंचा आवाज. माझा हात थांबला. हे वळले. मला आधी वाटलं ते कारण सांगतील: वीज, गंज, फुकट फिरणारी मोटर. कारणं त्यांच्याकडे नेहमी तयार असत.

"तुला विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

"मग विचारा की."

ते उठले. गुडघे धरून, सावकाश. पडवीपर्यंत गेले आणि खुर्चीसमोर उभे राहिले. कंपनीत मोठ्या साहेबांपुढेही मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"उतरतेस का?" त्यांनी विचारलं. "नको वाटलं तर नको. पाणी थंड आहे आज."

हिराबायचा हात काकूंच्या डोक्यावर तसाच राहिला. काकूंनी टाकीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. 

"थंड असू दे," त्या म्हणाल्या. "पण रोज विचारायचं. मी हो म्हणणार हे ठाऊक असलं तरी."

यांनी मान हलवली आणि काकूंची चप्पल काढायला खाली बसले. मी पान्हा उलटा फिरवला आणि नट परत आवळायला घेतला.